मोबाईल-टॅबमधलं मेमरी कार्ड का दगा देतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुकानात येणारा माणूस म्हणतो, "कार्ड उडालं, बघा जरा." उडालं म्हणजे नक्की काय झालं, हे कार्डाकडे नुसतं बघून कळत नाही. कधी कार्ड आणि स्लॉट यांचा संपर्क गेलेला असतो. कधी कुठली फाइल कुठे आहे याची नोंद बिघडलेली असते. कधी आतली चिपच थकलेली असते. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, उपाय मात्र वेगळे आहेत, आणि भलत्या वेळी केलेला उपाय उरलासुरला डेटाही घालवतो. खालची उत्तरं अँड्रॉइड मोबाईल, टॅब आणि हातात धरायच्या गेमिंग यंत्रांसाठी आहेत. आयफोनवाल्यांनी वाचलं नाही तरी चालेल. आयफोनला कार्डाचा स्लॉट कधी नव्हताच.

"एसडी कार्ड करप्ट आहे, फॉरमॅट करण्यासाठी टॅप करा" असं येतंय. टॅप करू का?

नको. या संदेशाचा अर्थ एवढाच की फोनला कार्डावरची मांडणी वाचता आली नाही. फोटो अजून जागच्या जागी असू शकतात. फॉरमॅट केलं की नोंदी कोऱ्या होतात, आणि फॉरमॅट करताना अँड्रॉइड कार्डाला सगळा माल टाकून देण्याची आज्ञाही देऊ शकतं. मग रिकव्हरीचं सॉफ्टवेअर चालवा नाहीतर देव पाण्यात ठेवा.

फोन बंद करून कार्ड काढा आणि कार्ड रीडरने लॅपटॉपला लावा. विंडोजही फॉरमॅटचं विचारेल, रद्द करा. "स्कॅन अँड फिक्स" आलं तर तेही तूर्त नको. दुरुस्ती करायची म्हणजे त्याच कार्डावर लिहायचं, आणि आजारी कार्डावर लिहिणं सगळ्यात धोक्याचं. फाइली दिसल्या तर आधी बाळाचे आणि लग्नाचे फोटो काढून घ्या, सिनेमे नंतर. मोठा सिनेमा कॉपी होता होता कार्डानं मान टाकली आणि फोटो राहिले, हे वरचेवर होतं.

कार्ड दिसतंय पण फाइली दिसत नाहीत, अशा वेळी आधी पूर्ण कार्डाची जशीच्या तशी प्रत, म्हणजे इमेज, काढतात. लिनक्सवरचं जीएनयू डीडीरेस्क्यू यासाठी चांगलं: जिथे वाचता येतं तो भाग आधी उचलतं, अडखळणाऱ्या जागा शेवटी बघतं. पुढची सगळी खटपट त्या प्रतीवर करायची, कार्डाला पुन्हा हात लावायचा नाही.

हे सगळं करण्याआधी सोपं असं काही बघण्यासारखं आहे का?

आहे, आणि तेच लोक बघत नाहीत. मायक्रोएसडी कार्ड १५ बाय ११ मिलिमीटरचं आणि १ मिलिमीटर जाडीचं असतं, मागे ८ सोनेरी पट्ट्या असतात. त्यातल्या एकीवर घामाचा थर बसला तरी कार्ड येतं-जातं करतं. "फोन खिशातून काढला की कार्ड दिसतं, हलला की जातं" अशी तक्रार असेल तर दोष बहुतेकदा इथेच. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात ट्रेमध्ये ओल धरते, पट्ट्या काळपट पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडावर घेऊन पट्ट्या पुसा, पूर्ण वाळू द्या, मग घाला. खोडरबरानेही निघतं, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर नवीन दुखणं. दोन सिम किंवा एक सिम आणि कार्ड अशा हायब्रिड ट्रेमध्ये कार्ड नीट बसत नाही म्हणून ट्रे दाबून घालू नका. आतल्या पिना वाकतात आणि मग खर्च कार्डाचा न राहता फोनचा होतो.

दुसऱ्या फोनमध्ये तेच कार्ड नीट चालतं का, आणि या फोनमध्ये दुसरं कार्ड चालतं का, या दोन तपासण्यांनी दोष कार्डात की फोनात याचा निकाल बहुतेक लागतो.

काल रात्रीपर्यंत धडधाकट होतं. सकाळी एकदम कसं गेलं?

एकदम जात नाही. आपल्याला एकदम कळतं.

कार्डाच्या आत दोन गोष्टी असतात: नँड फ्लॅश नावाची साठवणीची चिप, आणि तिचा कारभार बघणारा छोटा कंट्रोलर. फ्लॅशची अडचण अशी की तिच्यावर लिहिता येतं लहान तुकड्यांत, पण पुसता येतं फक्त मोठ्या गठ्ठ्यांत. चाळीतली एक खोली रंगवायची तर अख्खा मजला रिकामा करायचा, असला प्रकार. तुम्ही एक छोटी फाइल बदललीत तरी कंट्रोलर आजूबाजूचा माल दुसरीकडे हलवतो, जुना गठ्ठा पुसतो आणि कुठला माल कुठे नेला याचा तक्ता सुधारतो. हे चालू असताना वीज गेली तर बिघडते ती फक्त लिहिली जाणारी फाइल नव्हे. दोन वर्षांपूर्वीचे, महिनोन् महिने न उघडलेले फोटोही जाऊ शकतात, कारण तेही त्याच गठ्ठ्यात होते. तक्ताच फाटला तर कार्ड ओळखूच येत नाही.

म्हणून बॅटरी २ टक्क्यांवर असताना व्हिडिओ काढणं, फोन हँग झाला म्हणून पॉवरचं बटण दाबून धरणं, कॉपी चालू असताना ट्रे उपसणं, ही कार्ड मारायची हमखास रीत. कार्डावर सहसा फॅट३२ किंवा एक्सफॅट ही फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत, असते. फोनच्या आतल्या मेमरीत जर्नल असतं, म्हणजे काय करणार आहोत हे आधी टिपून ठेवून मग केलं जातं. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये ती सोय नाही. अर्धवट राहिलं ते अर्धवटच.

आणि झीज आहेच. चिपच्या एका पेशीत, म्हणजे साठवणीच्या सूक्ष्म खणात, एक बिट ठेवायचा तर विद्युतभाराच्या २ पातळ्या ओळखाव्या लागतात, तीन बिट ठेवायचे तर ८, चार ठेवायचे तर १६. पातळ्या वाढल्या तशी किंमत उतरली आणि सोसण्याची ताकदही. जुनी एक-बिट चिप लाखभर वेळा पुसणं सोसायची. आजच्या तीन-बिट चिपांचं आयुष्य हजाराच्या आसपास ते काही हजार पुसण्यांचं. फोटो काढून ठेवणाऱ्याला तेवढं भरपूर होतं. गाडीतल्या डॅशकॅमला किंवा घरच्या वायफाय कॅमेऱ्याला नाही, कारण तिथे तेच कार्ड दिवसरात्र पुसलं आणि लिहिलं जातं.

मी फोटो डिलीट करतो, कार्ड काढून घातलं की फोटो परत येतात. फॉरमॅट केलं तरी परत. हा काय प्रकार?

यात भूतबाधा नाही. कार्डानं स्वतःला कुलूप लावलंय. पेशी फार झिजल्या किंवा खराब पेशींच्या बदल्यात ठेवलेली राखीव जागा संपली की बरेच कंट्रोलर लिहिणं कायमचं बंद करतात आणि फक्त वाचू देतात. फोनला वाटतं डिलीट झालं, कारण त्यानं तसं आपल्या रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या मेमरीत, टिपलेलं असतं. कार्डावर काहीच उतरलेलं नसतं.

एका अर्थी हा सगळ्यात सभ्य मृत्यू, कारण जाताना कार्ड डेटा हातात देऊन जातं. त्याच दिवशी सगळं कॉपी करून घ्या. कुलूप काढायची "ट्रिक" सांगणारे व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका. मात्र मोठ्या अडॅप्टरमध्ये घालून लावलं असेल तर आधी त्याच्या कडेची छोटी सरकपट्टी बघा. ती ढिली झाली की घालताना आपोआप लॉककडे सरकते, आणि माणूस उगाच कार्ड मेलं म्हणून शोक करतो.

फोल्डरची नावं चिनी-बिनी दिसतात, तारीख १९८०, आणि "लॉस्ट डॉट डीआयआर" नावाचा फोल्डर आलाय. व्हायरस आहे का?

बहुधा नाही. फाइलींची यादी खराब झाली की तिथला कुठलाही कचरा नाव म्हणून वाचला जातो, म्हणून ती अगम्य अक्षरं. फॅटचं कॅलेंडर १ जानेवारी १९८० पासून सुरू होतं, म्हणून तारखेच्या जागी शून्य आलं की १९८०.

लॉस्ट डॉट डीआयआर हा फोल्डर डिलीट करायची घाई करू नका. कार्ड तपासताना अँड्रॉइडला ज्यांचा मालक सापडत नाही असे तुकडे ते तिथे टाकतं. आत नुसत्या आकड्यांची नावं असलेल्या फाइली असतात, एक्स्टेन्शन नसतं. लॅपटॉपवर त्यांची प्रत काढा, दोन-तीन एमबीच्या फाइलीच्या नावापुढे टिंब देऊन जेपीजी लावा आणि उघडून बघा. पुष्कळदा फोटो निघतो. कधी वरचा अर्धा फोटो आणि खाली राखाडी पट्टा, कधी पूर्ण.

१ टीबीचं कार्ड तीनशे-चारशे रुपयांत मिळालं. चांगलं आहे ना?

नाही. त्या किमतीत त्या क्षमतेचं खरं कार्ड मिळत नाही, सेल असो, दिवाळी असो.

यातली लबाडी समजून घ्या, कारण फसलेला माणूस कित्येक महिने फोनलाच दोष देत बसतो. आत ८ किंवा १६ जीबीची चिप असते. कंट्रोलरला शिकवलेलं असतं की विचारलं तर १ टीबी सांग. फोनही ते खरं मानतो. पहिले ८ जीबी सगळं सुरळीत: अभंग वाजतात, फोटो उघडतात, पाहुण्यांना दाखवून होतं. त्यापुढे लिहिलेलं एक तर हवेत जातं किंवा फिरून जुन्याच्या डोक्यावर बसतं. फाइलीचं नाव दिसतं, साइज बरोबर दिसते, उघडली की काळी. माणूस म्हणतो, "सहा महिने मस्त चाललं, आता करप्ट झालं." ते कधी नीट नव्हतंच, सहा महिन्यांनी भरलं एवढंच.

लोकांना वाटतं एवढी कारागिरी कोण करेल. २०१३ साली हँबर्गला हॅकरांच्या वार्षिक मेळाव्यात अँड्र्यू 'बनी' ह्वांग आणि शॉन क्रॉस या हार्डवेअर तज्ज्ञांनी दाखवून दिलं की काही कार्डांच्या कंट्रोलरमध्ये आपला प्रोग्रॅम बाहेरून घुसवता येतो. कार्ड म्हणजे मुकी वस्तू नसून एक पूर्ण संगणक आहे, तो खोटंही बोलू शकतो. याच ह्वांगनी त्याआधी, २०१० मध्ये, चंबी वन या छोट्या इंटरनेट यंत्रासाठी घेतलेल्या कार्डांतल्या संशयास्पद खेपेचा छडा लावला होता. चीनमधल्या शेन्झेनच्या ह्वाछ्यांगबेई बाजारातून नमुने आणून, ॲसिडनं प्लास्टिक विरघळवून आतल्या चिपा त्यांनी ताडून पाहिल्या. मोठ्या ऑर्डरीतही माल मिसळतो, तर रस्त्यावरच्या टोपलीबद्दल काय बोलावं.

तपासायचं कसं? विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ३. दोन्ही फुकट. कार्ड रिकामं करून घाला. सॉफ्टवेअर ते काठोकाठ भरतं आणि सगळं परत वाचून पडताळतं. एफ३च्या निकालात "डेटा ओके" आणि "डेटा लॉस्ट" अशा दोन ओळी येतात. ओकेसमोर सात-आठ जीबी आणि लॉस्टसमोर शेकड्यानं जीबी दिसले की विषय संपला. १२८ जीबीचं कार्ड सेकंदाला २० एमबीने भरायला पावणेदोन तास लागतात, वाचायला आणखी वेगळे. रात्री लावून झोपा. पण नव्या कार्डाला ही परीक्षा पहिल्याच दिवशी द्या, परत करायची मुदत संपायच्या आत. कंपनीचं नाव, होलोग्राम, पॅकिंग यावर जाऊ नका; ते छापणं कार्ड बनवण्यापेक्षा सोपं आहे.

६४ जीबीच्या कार्डात ५९ जीबीच दिसतात. हेही डुप्लिकेट?

नाही. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज आणि बरेच फोन १०७ कोटींहून थोडे जास्त. ३२ चे २९च्या वर, ६४ चे ५९ च्या वर, १२८ चे ११९ हे ठीक आहे.

नवं ६४ जीबीचं कार्ड लॅपटॉपवर छान चालतं, जुन्या टॅबमध्ये मात्र "खराब कार्ड" दाखवतं. का?

कार्ड चांगलं आहे, टॅबला त्याची भाषा येत नाही. २ जीबीपर्यंत साधं एसडी, ३२ पर्यंत एसडीएचसी, त्यापुढे २ टीबीपर्यंत एसडीएक्ससी. एसडीएक्ससी कार्ड कारखान्यातून एक्सफॅटमध्ये येतं, आणि ती मायक्रोसॉफ्टची मालकी असल्यामुळे स्वस्त टॅबवाले तिचा परवानाच घेत नसत. मायक्रोसॉफ्टनं २०१९ साली तिचा तपशील जाहीर केल्यावर लिनक्समध्ये ती रीतसर आली. जुना टॅब असेल तर कार्ड त्याच टॅबमध्ये फॉरमॅट करून बघा. फॅट३२ वर चालेल, फक्त ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर मावणार नाही. फार जुन्या, एसडीएचसीच्या आधीच्या यंत्रात मात्र काही करून उपयोग नाही.

हे दुखणं नवीन नाही. नोकियानं हातात मावणारी इंटरनेट यंत्रं काढली तेव्हापासूनचं आहे. २००५ च्या ७७० ला लागायचं आरएस-एमएमसी या जुन्या जातीचं कार्ड, तेही कमी व्होल्टेजवर चालणारं; २००७ च्या एन८०० ला पूर्ण आकाराची दोन एसडी, त्याच वर्षीच्या एन८१० ला मिनीएसडी, आणि २००९ च्या एन९०० ला मायक्रोएसडी. चार यंत्रं, चार कार्डं! जुनं कार्ड नव्या यंत्रात बसवायला अडॅप्टर, आणि अडॅप्टर म्हणजे ढिल्या संपर्काची आणखी एक जागा. शिवाय ७७० ची रॅम अवघी ६४ एमबी, म्हणून लोक कार्डावर स्वॅप ठेवायचे, म्हणजे रॅमचा भार कार्डावर. बिचाऱ्या कार्डांची झीज कशी व्हायची ते सांगायला नको.

स्टीम डेक हे हातातलं गेमिंग यंत्र वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: डेकवर फॉरमॅट केलेलं कार्ड ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिममध्ये असतं. ते विंडोजला लावलं की विंडोज फॉरमॅट करू का विचारतं. कार्डाला काहीही झालेलं नसतं.

फोनची मेमरी भरली. ॲप्स कार्डावर टाकू का?

चालत असेल तर टाळा. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, कार्ड "अंतर्गत स्टोरेज" म्हणून जोडून घ्यायची सोय काही फोनांत आहे. तसं केलं की कार्ड एन्क्रिप्ट होतं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही, आणि ती किल्ली त्याच फोनात राहते. फोनचा बोर्ड गेला की कार्डावरचे फोटोही गेले, कार्ड ठणठणीत असलं तरी. आणि ॲप सतत बारीकसारीक लिहीत असतं, कार्डाला नेमकं तेच जड जातं.

करायचंच असेल तर कार्डावर ए१ किंवा ए२ छापलेलं बघून घ्या. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १,५०० इकडचंतिकडचं वाचणं आणि ५०० लिहिणं. ए२ म्हणजे ४,००० आणि २,०००. ए२ चा पूर्ण वेग मिळायला फोनचीही साथ लागते, ती सगळीकडे नसते, तेव्हा त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. व्हॉट्सॲपचे फोटो फोनच्याच मेमरीत राहतात, नुसतं कार्ड घालून ते हलत नाहीत. जुने फोटो-व्हिडिओ स्वतः कार्डावर कॉपी करावे लागतात, आणि तेही दुसरी प्रत कुठेतरी असेल तरच फोनमधून पुसा.

फोन फॅक्टरी रीसेट केला. कार्डाला हातही लावला नव्हता, तरी आता त्यातलं काही उघडत नाही.

वरचंच कारण असू शकतं, किंवा सेटिंगमध्ये "एसडी कार्ड एन्क्रिप्ट करा" कधीतरी चालू केलेलं असेल. रीसेटमध्ये किल्ली पुसली गेली. हा डेटा कुणीही काढून देणार नाही, आणि काढून देतो म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. रीसेट करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन कार्ड डिक्रिप्ट करायचं असतं.

ऊन, पाऊस, विमानतळाचा एक्स-रे?

एक्स-रेनं काही होत नाही. पाण्यात पडलेलं कार्ड नीट वाळवलं तर बहुतेक वेळा चालतं. ओलं असताना लावून बघण्याचा मोह आवरा. उष्णतेची गोष्ट वेगळी. पाकिटावर ८५ अंशांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, पण मे महिन्यात काचेमागे चिकटवलेल्या डॅशकॅमच्या आत कार्ड रोज शिजतं, वर अखंड लिहिणं. अशा कामाला "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलं कार्डच घ्या. साध्या कार्डाच्या वॉरंटीतून अनेक कंपन्या सततचं रेकॉर्डिंग वगळतात, हे बारीक अक्षरात असतं.

रिकव्हरी होईल का? किती आशा ठेवावी?

लॅपटॉपला कार्ड योग्य क्षमतेसह दिसत असेल तर बरीच. फोटोरेक हे फुकटचं सॉफ्टवेअर फाइलींच्या याद्यांकडे न बघता थेट फोटोची सुरुवात-शेवट ओळखून ते बाहेर काढतं. नावं आणि फोल्डर परत मिळत नाहीत, आणि तुकड्या-तुकड्यांत लिहिलेले मोठे व्हिडिओ अनेकदा मोडलेले निघतात. सापडलेलं कधीही त्याच कार्डावर साठवू नका.

कार्ड दिसतच नसेल, क्षमता शून्य दाखवत असेल किंवा लावल्याबरोबर चटका बसण्याइतकं तापत असेल तर सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. मायक्रोएसडीत चिप आणि कंट्रोलर एकाच लादीत ओतलेले असतात. लॅबवाले वरचा थर खरवडून आतले बारीक बिंदू उघडे करतात, त्यांना तारा जोडतात आणि कंट्रोलरला बाजूला ठेवून चिप वाचतात. हे काम महागडं आणि वेळखाऊ असतं, यश ठरलेलं नसतं. आधी कुणी कार्ड वाकवून किंवा गरम करून ठेवलं असेल तर आणखी अवघड. लॅबला विचारा: डेटा निघाला नाही तर पैसे किती? उत्तर लेखी घ्या.

मग कोणतं कार्ड घ्यावं?

मेमरी स्वतः बनवणाऱ्या किंवा ओळखीच्या कंपनीचं, बिलासह, आणि ऑनलाइन घेताना विक्रेता कोण ते बघून. साइटचं नाव मोठं असलं तरी माल पाठवणारा तिसराच असतो. अवाढव्य क्षमतेच्या मागे लागू नका. ५१२ जीबीचं एक कार्ड गेलं की सगळं जातं, १२८ ची दोन आलटूनपालटून वापरली तर निम्मं वाचतं. फोर-के व्हिडिओसाठी व्ही३० हा वेगाचा वर्ग छापलेलं कार्ड पुरतं.

वॉरंटीत कार्ड बदलून मिळतं. पण त्यातले फोटो?

वॉरंटी कार्डाची असते, डेटाची नसते. जमा केलेलं कार्ड परत येत नाही, आणि कुलूप लागलेलं कार्ड तुम्हाला पुसताही येत नाही, म्हणजे त्यातले फोटो कार्डासोबत जातात. कागदपत्रांचे किंवा खासगी फोटो असतील तर वॉरंटीवर पाणी सोडून कार्ड कात्रीनं आडवं कापा. दोन तुकडे पुरेसे नाहीत, चार करा. विक्रेता बनावट कार्ड परत घ्यायला तयार नसेल तर बिल, एच२टेस्टडब्ल्यू किंवा एफ३ च्या निकालाचा स्क्रीनशॉट आणि विक्रेत्याशी झालेलं चॅट जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, १९१५ वर, तक्रार नोंदवा.